पेन्सिल स्वस्त, काळ महाग

चित्रकलेच्या साधनांत पेन्सिलीइतके स्वस्त साधन क्वचितच सापडेल. ती शाळकरी मुलाच्या दप्तरात असते आणि कारकुनाच्या कानावरही. याच साधनाने पॉल नोबल या ब्रिटिश चित्रकाराने दीड दशकाहून अधिक काळ खपून एक अख्खे नगर कागदावर वसविले. या उद्योगाची दखल कलारसिकांप्रमाणेच अर्थव्यवहाराचा विचार करणाऱ्यांनीही घ्यावयास हवी.

नोबल यांचा जन्म १९६३ सालचा, उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्बरलँड परगण्यातला. ‘नॉब्सन न्यूटाऊन’ या त्यांच्या कल्पित नगराचा आरंभ १९९० नंतरच्या दशकात अक्षरांच्या एका नव्या वळणापासून झाला. तेथील इमारती त्या अक्षरांच्याच आकाराच्या आहेत. नगरात रुग्णालय आहे, बाजारसंकुल आहे, सार्वजनिक शौचालयही आहे. नाही तो फक्त माणूस. १९४६ च्या कायद्यान्वये ब्रिटिश सरकारने नवी नगरे वसविली, त्या नियोजनातील आशावादाची ही विषण्ण थट्टा वाटते. ही चित्रे भिंतभर मोठी आहेत आणि दूरची वस्तू लहान दिसावी हा नियम त्यांत पाळलेला नाही. सर्वांत मागची वीट पुढच्या विटेएवढीच असते. साहजिकच श्रमांत काटकसर करण्यास येथे वावच उरत नाही.

मग या श्रमांना लागणारा काळ आला कोठून? १९८८ ते १९९८ या काळात नोबल व त्यांचे चार सहकारी लंडनमध्ये ओव्हल मैदानाजवळ ‘सिटी रेसिंग’ हे कलादालन चालवीत होते. घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या एका बंद पडलेल्या दुकानाची ती जागा, आणि दालनाचे नावही त्या दुकानाचेच. विक्रीची चिंता न करता काम दाखविता येईल अशी जागा त्यांना मिळाली, हे महत्त्वाचे.

बाजाराने अखेर कदर केलीच ना, असे कोणी विचारील. केली, हे खरे. २०११ साली गॅगोसियनसारख्या धनाढ्य दालनात त्यांचे प्रदर्शन भरले आणि २०१२ च्या टर्नर पारितोषिकासाठी त्यांचे नाव अंतिम चौघांत आले. पारितोषिक एलिझाबेथ प्राइस यांना मिळाले. परंतु बाजार मोल करतो ते पुऱ्या झालेल्या चित्राचे. ते पुरे होण्यास जी वर्षे लागतात, त्यांची तरतूद तो सहसा आगाऊ करीत नाही.

आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. महाविद्यालयांत अध्यापकाचे शोधनिबंध मोजले जातात आणि संख्येवर गुण दिले जातात. एकच विषय दहा वर्षे उराशी बाळगणारा अध्यापक त्या तक्त्यात रिकामा दिसतो. मग विद्यार्थीही तेच शिकतात: जे लवकर संपते ते करावे.

अशा सवलतीने आळशीही पोसले जातील, हा आक्षेप खोटा नाही. तथापि आळस ओळखण्यासाठी दरवर्षी निबंध मोजण्याची गरज नाही. अधूनमधून जाणकारांनी काम पाहिले तरी तो उघडा पडतो. वापराविना पडलेल्या सार्वजनिक खोल्या अल्प भाड्याने देणे आणि चार-पाच वर्षांची माफक वृत्ती सुरू करणे, एवढे तरी आपल्याला परवडण्यासारखे आहे. पेन्सिल कोणीही विकत घेऊ शकतो. काळ मात्र समाजाने द्यावा लागतो.