मैदानाच्या कडेची भाकिते

भातकापणी उरकली, झोडणी झाली, पेंढा रचून झाला, की पेण आणि रोहा तालुक्यांतील गावोगावी एक निराळीच लगबग सुरू होते. मोकळ्या झालेल्या शेतातील ढेकळे फोडून, पाणी मारून, चोपून मैदान तयार केले जाते. चुन्याच्या रेषा आखल्या जातात, बांबूंवर दिवे चढतात आणि ग्रामदैवताच्या नावाने खेळणारे संघ टेम्पोत बसून एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ लागतात. कबड्डीचा हंगाम तो हाच. पलीकडच्या शेतात कुणीतरी वालाच्या शेंगांची पोपटी लावलेली असते आणि मैदानाच्या कडेला सामन्याइतकाच रंगलेला दुसरा एक खेळ चालू असतो. हा खेळ म्हणजे भाकितांचा.

आपणही त्यात कधी ना कधी भाग घेतला असेल. गावातील चौदा-पंधरा वर्षांची मुले खेळत असतात. त्यांच्यातला एक थोराड, मिसरूड फुटलेला मुलगा दोघांना ओढत मध्यरेषेवर येतो आणि मागून आवाज उठतो, “हा जिल्ह्याला जाणारच. दोन वर्षांत टीव्हीवर दिसेल.” कोपऱ्यात उभा असलेला दुसरा मुलगा किडकिडीत असतो. चढाईपटू त्याला ढकलून निघून जातो. “काका, तुमच्या पोराला अभ्यासालाच बसवा,” असे कुणी हसत म्हणते, आणि त्याचे वडीलही हसतात. तो मुलगा मात्र हसत नाही. रेषेपासून बसलेल्या माणसांपर्यंतचे अंतर चार पावलांचे असते. तिथले प्रत्येक वाक्य त्याला ऐकू आलेले असते.

या चर्चेत वाईट काही नाही, हे आधीच सांगतो. खेळावर जिवापाड प्रेम करणारी माणसेच असा वाद घालतात. ज्या जिल्ह्यात कबड्डी घराघरांत जगली, तिथे ‘पुढचा कोण?’ हा प्रश्न पडणारच. परंतु आरोग्याच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट आपल्या ध्यानात यावी असे वाटते. चौदाव्या वर्षी आपण ज्याला गुणवत्ता म्हणतो, ती पुष्कळदा केवळ शरीराच्या वाढीची वेळ असते.

मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. त्या एका वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरही उंच होतो. उंचीच्या पाठोपाठ काही महिन्यांनी स्नायूंचे वजन आणि बळ वाढते. मात्र ही वाढ सर्वांची एकाच वेळी होत नाही. कुणाची बाराव्या वर्षीच होऊन जाते, तर कुणाची सोळाव्यापर्यंत रेंगाळते. दोन्ही गोष्टी निसर्गाला धरूनच आहेत. म्हणजे एकाच वर्गातील, एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एकाचे शरीर जवळजवळ प्रौढ झालेले असते आणि दुसऱ्याचे अजून बालकाचे असते. कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात पहिला जिंकणारच. तो आज जिंकतो हे खरे आहे. पण तो जन्मतःच वरचढ आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्याचे शरीर त्याला गाठते, आणि तोवर दुसरा खेळात टिकला असेल, तर ताकद नसताना त्याने शिकलेले पदलालित्य, चढाईपटूचा पाय नेमका कोणत्या क्षणी टेकतो हे ओळखण्याची नजर आणि साखळीतील जोडीदाराशी जमलेला मेळ त्याच्या कामी येतो.

वयोगटाची मर्यादाही असाच चकवा देते. मर्यादेच्या तारखेनंतर लगेच जन्मलेला मुलगा आणि त्याच गटात बसणारा, पण अकरा महिन्यांनी धाकटा असलेला मुलगा एकत्र तोलले जातात. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा १९८०च्या दशकात संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा लक्षणीय आढळला. तेथे वयोगटाची सीमारेषा १ जानेवारी होती. जानेवारीत गुणवंत मुले अधिक जन्मतात, असे अर्थातच नव्हे. थोडी मोठी मुले आधी निवडली गेली, त्यांना अधिक सराव आणि अधिक शाबासकी मिळाली, एवढेच.

आपल्याच खेळातील उदाहरण पाहा. २०१८ साली प्रो कबड्डीच्या सहाव्या पर्वात दोन चढाईपटू प्रथमच उतरले. हरियाणाचा नवीन कुमार अवघ्या अठरा वर्षांचा होता. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई पंचविशी ओलांडलेला होता. त्या एकाच पर्वात त्याने यू मुंबाकडून चढाईचे २१८ गुण मिळवले आणि पुढच्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. दोघेही मोठे खेळाडू ठरले, परंतु दोघांचे घड्याळ वेगळे होते. अठराव्या वर्षी नाव झाले नाही म्हणजे संपले, असा हिशेब मांडला असता, तर दुसरा आपल्याला दिसलाच नसता.

बास्केटबॉलमधील मायकल जॉर्डनची कथा अनेकांनी ऐकली असेल. १९७८ साली अमेरिकेतील विल्मिंग्टन गावी शाळेच्या मुख्य संघात त्याची निवड झाली नाही. तेव्हा त्याची उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास होती आणि त्याच्याऐवजी सहा फूट सात इंच उंचीचा वर्गमित्र निवडला गेला. जॉर्डन पुढे सहा फूट सहा इंचांचा झाला. ही गोष्ट सांगताना जिद्दीचा गौरव होतो, तो योग्यच आहे. मात्र तिचा अर्धा भाग बहुधा गळतो. त्याला घरी पाठवलेले नव्हते. त्या शाळेत कनिष्ठ संघ होता, त्यात त्याला घेतले गेले आणि वर्षभर तो भरपूर सामने खेळला. निवडणाऱ्यांचे भाकीत त्या दिवशी चुकले असेल, पण न निवडलेल्यांसाठी त्यांनी दार उघडे ठेवले होते. आपल्या गावांना शिकण्यासारखे आहे ते हेच.

आता भाकितांचा परिणाम पाहू. ज्याला नाकारले जाते, तो मुलगा हळूहळू मैदानावर येईनासा होतो. संघ एका खेळाडूला मुकतो हे त्यातले लहान नुकसान. नेमक्या वाढीच्या वर्षांत त्याची धावपळ थांबते, मित्र सुटतात आणि ‘आपल्याच्याने होत नाही’ हा समज मनात घर करतो, हे मोठे नुकसान होय.

ज्याची स्तुती होते, त्याचे तरी सगळे बरे असते काय? तो शाळेच्या संघात, गावाच्या संघात, शिवाय शेजारच्या गावाने मागून नेले म्हणून तिसऱ्या संघातही खेळतो. शनिवारी पेणकडे सामना, रविवारी रोह्याकडे. पहाटे घरी, सोमवारी शाळा. गुडघा दुखत असला, तरी तो बोलत नाही. सारे गाव ज्याच्याकडे डोळे लावून बसले आहे, त्याने दुखते म्हणायचे कसे? वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चेचा भाग कोवळा असतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखणारा उंचवटा ही या वयातील नेहमीची तक्रार आहे. भार कमी केला, की ती बहुधा शमते. दडपून खेळत राहिले, तर महिनोन्महिने छळते.

म्हणून, वाचकहो, घरात अशी मुले असतील, तर काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

पहिली गोष्ट भाराची. मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास त्याने आठवड्यात शिस्तबद्ध सराव व सामने यांत घालवू नयेत, असा एक सोपा ठोकताळा क्रीडावैद्यक सांगते. चौदा वर्षांच्या मुलाला सर्व संघ मिळून चौदा तास पुरेत. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते; रात्रीच्या स्पर्धांच्या हंगामात नेमकी तीच चोरली जाते.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. खेळताना गुडघा पिळला, आतून ‘कट्’ असे जाणवले आणि काही तासांत सूज चढली, तर अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. चोळणे, ओढणे, बसवून घेणे हे प्रकार टाळून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अंतिम सामन्यापुरते वेदनाशामक इंजेक्शन देऊन मुलाला उतरवू नये. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाल्यास मैदानावर परतण्यास सर्वसाधारणपणे नऊ महिने तरी लागतात. त्याआधी घाई केल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका वाढतो. सामन्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे उडी मारून गुडघे किंचित वाकवून उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांचे व्यायाम यांत नियमित घालवली, तर अशा दुखापती कमी होतात. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळल्यासारखा झाला, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला असे समजावे. उलटी झाली किंवा गुंगी आली, तर तडक रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट वजनाची. आपल्या खेळात वयोगटाला वजनाचीही मर्यादा असते. ती गाठण्यासाठी मुले दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, जाड कपडे घालून उन्हात धावतात. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीरांपैकी तीन तरुण अशाच घाईने वजन उतरवताना, महिन्याभराच्या अंतरात दगावले आणि त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. हे तिघेही धडधाकट खेळाडू होते. वाढत्या मुलाचे वजन वाढणे हाच निसर्गनियम आहे. तो गटात बसत नसेल, तर वरच्या गटाची तयारी करू द्यावी. एका करंडकासाठी त्याचे पाणी तोडू नये.

आहारासाठी दूर जाण्याची गरज नाही. सकाळी शेंगदाणे घालून पेणचे पोहे व वर लिंबू, दुपारी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, हिरवी भाजी, जमेल तेव्हा अंडी वा मासे, संध्याकाळी नाचणीची आंबील एवढ्यात वाढत्या खेळाडूचे बहुतेक सारे भागते. डब्यांतील महागड्या भुकट्या वैद्यकीय सल्ल्याविना आणू नयेत.

चौथी गोष्ट मुलींची. मैदानावर त्याही उतरतात, पण त्यांच्याविषयी भाकिते करायलाही कुणी बसत नाही. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये तुलनेने अधिक आढळते, म्हणून वरील व्यायाम त्यांना अधिकच आवश्यक. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने थांबली किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर सरावाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. तिला खाणे अपुरे पडत असण्याची शक्यता असते. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटची गोष्ट आपल्या बोलण्याची. सामन्यानंतर घरी येताना मुलाला ‘किती गुण घेतलेस?’ असे विचारण्याआधी ‘मजा आली का? कुठे दुखते का?’ असे विचारून पाहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे मिळायला हवे असेल, तर दुखते म्हटल्यावर आपला चेहरा पडता कामा नये. एखाद्या आजोबांनी कट्ट्यावरून “बाळा, पकड सुटली, पण पाय बरोबर ओळखलास,” असे म्हटले, तर त्या वाक्यात स्तुती आहे, शिकवणही आहे आणि भाकीत मात्र नाही.

वाद घालणे थांबवा असे मी म्हणणार नाही. ती तर हंगामाची अर्धी गोडी आहे. फक्त वादाचा विषय किंचित बदलावा. गावातून पुढे कोण जाईल, याऐवजी गेल्या वर्षी या मैदानावर खेळलेल्या मुलांपैकी यंदा किती परत आली, हे मोजून पाहावे. जी आली नाहीत, ती का आली नाहीत, यावर चर्चा रंगू द्यावी. त्यांच्यातला एखादा आजही कुठेतरी घरात बसून त्या रात्रीचे हसणे आठवत असेल. त्याची उंची गेल्या वर्षभरात कदाचित चार इंचांनी वाढलीही असेल. त्याला निरोप धाडा. मैदान तयार झाले आहे, एवढेच सांगा.