हंड्याचं वजन कोण करणार?

मैत्रिणींनो, गरोदर बाईचं वजन होतं, रक्त तपासलं जातं, बाळ जन्मलं की त्याचंही वजन कार्डावर चढतं. पण तिने डोक्यावरून वाहिलेल्या हंड्यांचा हिशोब कुठल्याच कार्डावर नसतो. माझं भांडण त्या नसलेल्या रकान्याशी आहे.

विज्ञानाला हे ठाऊक नाही असं नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं अधिक भरलेली दिसली. २००३ साली त्याच अभ्यासातून दुसरी गोष्ट प्रसिद्ध झाली: गरोदरपणात घरचे नि शेतातले कष्ट जास्त, तर बाळ लहान. यातला पालेभाजीचा सल्ला भिंतीवरच्या तक्त्यावर आहे. कष्टांचं काय झालं? 'पालेभाजी खा' म्हणायला सरकारला खर्च नाही. कष्ट कमी करायचे तर नळ हवा, भरपगारी रजा हवी, घरच्या पुरुषाचे हातही हलायला हवेत.

आता आपल्या रत्नागिरीकडे बघा. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हा काही मुलींच्या कौतुकाचा आकडा नव्हे. पुरुष मुंबईला चाकरमानी, नि राब भाजण्यापासून लावणी, बेणणी, कापणीपर्यंत शेत बाईच्या अंगावर. पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि मे महिन्यात वाडीची विहीर तळाला. गटाच्या बैठकीत पोषणाचा विषय काढला की टाकळा, भारंगी, कुळीथ, सुकट यांबद्दल बायकाच मला शिकवतात. काय खावं हे त्यांना कळतं. बसून खायला वेळ नाही, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते त्यांच्या ताटात.

चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वर्षांच्या मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, हे चांगलंच. पण मुलगी केवळ 'उद्याची आई' म्हणून मोजायची का? तिची पाठ, तिची पाळी, तिचा थकवा तिचा स्वतःचा नाही? डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पोटातल्या बाळापलीकडे बाईकडे पाहिलं, तेव्हाच हे दिसलं.

कार्ड म्हणतं, दिवसा दोन तास विश्रांती घ्या. मग तिच्या जागी लावणीला कोण उतरणार? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी नोकरी नसलेल्या गरोदर बाईला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने त्याचे ५००० केले, तेही पहिल्या मुलापुरते. २०२२ पासून दुसऱ्या खेपेला ६००० मिळतात, पण मुलगी झाली तरच. मुलगा झाला तर आईची कंबर दुखत नाही वाटतं?

म्हणून आपल्या वाडीत पोषणाची पाहणी करायला कुणी आलं, तर आपणच सांगूया: पाणी किती लांबून आणतो ते लिहा. दिवसाला किती तास राबतो ते लिहा. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी शेतात उतरलो ते लिहा. आणि जे निघेल ते मराठीत, याच वाडीत येऊन वाचून दाखवा. हे कबूल असेल तरच आमचं रक्त घ्या.