टायर मोठे, ओढ कमी



काळ्या रानातली पांदण फसते म्हणून पिकअपला मोठे टायर घालायचे आणि मागे कापसाची ट्रॉली जोडून पांढरकवड्याची वाट धरायची, हा मोह मला समजतो. पण टायरवाला हिशेब सांगत नाही. 28 इंचाचे चाक काढून 31 इंचाचे घातले की ओढ सुमारे 10 टक्के घटते. काटा 40 दाखवतो तेव्हा गाडी 44 ने धावते. चढावर क्लच जळतो.

इलाज मागच्या क्राऊन-पिनियनमध्ये आहे. (शेतकी कॉलेजात हे ट्रॅक्टरवर शिकवत, तेव्हा आम्ही डुलक्या घेत असू.) 41 दात्यांच्या क्राऊनला 10 दात्यांचे पिनियन असेल तर प्रमाण 4.1, 41 ला 9 ची जोडी बसवली तर 4.56, म्हणजे ओढ जवळपास पूर्ववत. जोडी एकत्रच बदलावी लागते. फोर-व्हीलमध्ये पुढचीही. ब्रेक मात्र जुनेच राहतात, ट्रॉली काही हलकी होत नाही.

हा खर्च कशापायी? रस्ता नाही म्हणून. पांदण रस्त्यांसाठी सरकारने 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली. येत्या ग्रामसभेत आपल्या पांदणीचा ठराव टाका आणि क्लचप्लेटचे बिल त्याला जोडा.