स्नोबोर्ड माळ्यावरून काढलात का?

गुलमर्गची तिकिटं झाली, गरम कपडे घेतले. पण गेल्या हिवाळ्यापासून माळ्यावर पडलेला स्नोबोर्ड? निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो खाली काढा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल.

आधी कडा पाहा. वळणं घेणं आणि थांबणं या स्टीलच्या कडांवरच असतं. नख कडेवर हलकेच आडवं ओढा. त्याचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. गंज किंवा खाचा असतील तर धार लावून घ्या. बोथट कड कडक बर्फात रुतत नाही आणि बोर्ड घसरतो.

मग बोर्ड उलटा करा. तळ पांढरट, कोरडा दिसला तर वॅक्स हवं. घरची कपड्यांची इस्त्री मात्र वापरू नका. तापमान कमी-जास्त होऊन तळ जळू शकतो. खोल ओरखडा आतल्या लाकडापर्यंत गेला असेल तर तो भरून घ्या, नाहीतर पाणी शिरून लाकूड फुगतं.

शेवटी बाइंडिंग. स्क्रू घट्ट करा, पट्ट्यांना चीर गेली आहे का ते बघा. मुलांचे बूट घालून पाहा; वर्षभरात पाय वाढलेले असतात.

बोर्ड भाड्याने घेणार असाल, तरी दुकानातच हे सगळं तपासा. खराब वाटला तर दुसरा मागा, संकोच करू नका. गोंडोलाने अफरवटवर पोचल्यावर स्क्रू निघाला, तर उतार समोर असतो, दुकान खाली राहिलेलं असतं!