मैलाशुद्धीकरण केंद्रांतून नदीत जाणाऱ्या औषधांच्या अंशांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय : शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील औषधांचे अंश मोजणे आणि विस्तारीकरणाच्या निविदेत चौथ्या टप्प्याची तरतूद करणे.

संदर्भ : आमची यापूर्वीची निवेदने (एकाचेही लेखी उत्तर नाही) आणि आपल्या दालनातील बैठकीत मिळालेले आश्वासन.

महोदय,

केंद्रांचे मासिक अहवाल आम्ही नियमित वाचतो. बीओडी, सीओडी, कोलिफॉर्म हे आकडे बहुतेक वेळा मर्यादेत असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अहवालात नसलेल्या रकान्याबद्दल. गिळलेल्या औषधाचा काही भाग शरीरात वापरला जातो, उरलेला मैलापाण्यात येतो. आपल्या एसबीआर टाक्यांतले जिवाणू पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन बऱ्यापैकी संपवतात. पण फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन जवळजवळ आले तसेच बाहेर पडते, डायक्लोफिनॅकचाही मोठा भाग निसटतो. शेवटी सोडलेल्या क्लोरीनचा कार्बामाझेपिनवर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे बीओडी उत्तम असूनही काही औषधांच्या बाबतीत पाणी जवळपास कच्चेच नदीत जाते. हे सर्व आपल्या अभियंत्यांना ठाऊक आहे. ते बैठकीत कोणी नाकारलेही नाही.

सर्वांत सलते ते हे की मोजायचे कबूल करूनही मोजले गेले नाही. आधी ‘पावसाळ्यापूर्वी नमुने घेऊ’ असे सांगितले गेले. पावसाळा उलटल्यावर पाणी पातळ असल्याचे कारण आले, आणि उन्हाळ्यात, म्हणजे नदीत आपल्या केंद्रांचेच पाणी वाहत असताना, ‘अशी तपासणी करणारी प्रयोगशाळा मिळत नाही’ हे उत्तर मिळाले. हे उत्तर या राज्यात कोणी द्यावे याचे नवल वाटते. युरोपला जाणाऱ्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश किलोमागे शतांश मिलिग्रॅमपर्यंत शोधले जातात, आणि ते काम इथल्याच प्रयोगशाळा दर हंगामात करतात. औषधांचे अंश शोधायला लागणारे यंत्र त्याच जातीचे असते. पद्धत तेवढी वेगळी बसवावी लागते. परदेशातल्या ग्राहकाच्या घडाला जी काळजी मिळते, ती खालच्या गावांच्या नळाला मिळू नये काय? शिवाय शेकडो रसायने शोधा असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. कार्बामाझेपिन, डायक्लोफिनॅक, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही चार औषधे, केंद्रात येणाऱ्या आणि केंद्रातून जाणाऱ्या पाण्यात, कोरड्या महिन्यांत. मागणी एवढीच होती आणि आजही एवढीच आहे.

‘प्रमाण अत्यल्प असते’ हा आक्षेप आम्ही टाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 च्या अहवालानुसार पिण्याच्या पाण्यातील अशा अंशांपासून माणसाला थेट अपाय होण्याची शक्यता फार कमी आहे, आणि आम्हाला ते मान्य आहे. पण तो निष्कर्ष पिणाऱ्या माणसाबद्दल आहे, नदीबद्दल नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम राहील असे सोडले गेले. तेवढ्यावर तिथल्या एका छोट्या माशाची संख्या जवळपास संपली. प्रतिजैविकांचा धोका तर आणखी निराळा आहे. तिथे प्रश्न विषबाधेचा नसून औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंचा आहे. दिल्लीत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 आणि रस्त्यालगत साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत औषधाला दाद न देण्याची क्षमता देणारे एनडीएम-1 हे जनुक सापडले होते. त्याचा दोष एकट्या मैलापाण्यातील अंशांवर टाकता येणार नाही, हे खरे. पण ज्या टाकीत शहरभरची प्रतिजैविके आणि शहरभरचे जिवाणू एकत्र येतात, तिच्याकडे पाहायचेच नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

दुसरा आक्षेप मानकाचा. केंद्र सरकारने जानेवारी 2020 मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी प्रतिजैविकांच्या मर्यादांचा मसुदा काढला आणि 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या. त्याचे आम्हालाही दुःख आहे. मात्र मर्यादा नाही म्हणून मोजायला बंदी आहे असा नियम आमच्या वाचनात नाही.

राहिला पैसा. सर्व केंद्रांवर ओझोन बसवा असे आम्ही म्हणत नाही. स्वित्झर्लंडने 2016 पासून सातशेहून अधिक केंद्रांपैकी निवडक केंद्रांवरच ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा हा चौथा टप्पा बंधनकारक केला आणि त्यासाठी माणशी वर्षाला जास्तीत जास्त 9 फ्रँक आकार ठेवला. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशाने अशा टप्प्याचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. तसा कायदा आपल्या हाती नाही, पण निविदा आहे. विस्तारीकरणात ओझोन टाकी आणि त्यामागच्या वाळू-गाळणीसाठी जागा, पातळी आणि वीजभार आत्ताच राखला नाही, तर पुढे तेच काम तोडफोड करून दामदुप्पट खर्चात होईल. आराखड्यात ही जागा दाखवू, असे बैठकीत सांगितले होते. प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात ती नाही.

याशिवाय, रुग्णालयांचे सांडपाणी सार्वजनिक गटारात सोडण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया होते की नाही, हे तपासावे. मुदत संपलेली औषधे घंटागाडीत वेगळी घ्यावीत. तपासणीचे आकडे संकेतस्थळावर टाकावेत.

नमुने कोणत्या तारखेला, कोणत्या केंद्रावर घेतले जातील आणि सुधारित आराखडा केव्हा निघेल, एवढे लेखी कळवावे. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर यापूर्वी तोंडी मिळालेले असल्याने ते पुन्हा पाठवण्याची तसदी घेऊ नये, ही विनंती.

आपले विश्वासू,
नदीकाठच्या प्रभागांतील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मुख्य अभियंता, मलनिस्सारण विभाग, आरोग्य अधिकारी