काटा थांबल्यावर

वजन कमी करायला घेतलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतंच. पहिले दोन-तीन महिने काटा पटापट उतरतो, शर्ट सैल होतो, लोक विचारतात, "काय हो, बरं नाही का?" (बारीक झालेल्या माणसाचं कौतुक करायची आपली हीच पद्धत!) आणि मग एक दिवस काटा थांबतो. आठवडा जातो, महिना जातो. जेवण तेच, चालणं तेच, आणि काटा ढिम्म.

आमच्या कामोठ्यात सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये यावर रोज परिसंवाद असतो. काही जण दीक्षित डॉक्टरांचे: दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा. काही ऋजुता दिवेकरांचे: थोड्या थोड्या वेळाने खा, तुपाला घाबरू नका. एका पंथात काटा थांबला की माणूस दुसऱ्या पंथात जातो, तिथे पहिल्या महिन्यात दोन किलो उतरतात आणि तो नव्या गुरूचा प्रचारक होतो. मला दोन्ही गुरूंशी भांडायचं नाही. मला काळजी वाटते ती तिसऱ्याच जमातीची. काटा थांबला की ताटातलं अजून कमी करणाऱ्यांची.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी १२०० कॅलरींवर होत्या. काटा थांबला तेव्हा १००० वर आल्या, मग ८०० वर. केस गळायला लागले. एके दिवशी मानसरोवरहून पकडलेल्या लोकलमध्ये, उभ्या असतानाच, चक्कर आली. एवढं करून उतरलं किती, तर दीड किलो. आणि घरातून ऐकावं लागलं, "चोरून खात असशील!" हे मला फार लागलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात हा १२०० चा आकडा आला कुठून? लुलू हंट पीटर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९१८ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे कॅलरी मोजायची पद्धत घरोघरी पोचली आणि त्यांनी सांगितलेला आकडा होता १२००. शंभर वर्षांनंतरही तो उंची, वय, काम काहीही न बघता वाटला जातो. आपल्या आयसीएमआरने २०२० साली बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईची गरज १६६० धरली आहे आणि ६५ किलोच्या पुरुषाची २११०. आधीच्या, २०१० च्या तक्त्यात बाईसाठी हाच आकडा १९०० होता. म्हणजे तज्ज्ञांचा आकडासुद्धा दहा वर्षांत हलतो. आपण मात्र १२०० ला चिकटून!

आता काटा का थांबतो ते पाहू. शरीर लहान झालं की त्याला लागतंही कमी. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संस्थेत केविन हॉल यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या गटाचा २०१६ चा हिशोब असा: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र १०० कॅलरींनी वाढते. माझे ७ किलो गेले, ८४ चा मी ७७ झालो. या हिशोबाने माझा खर्च दीड-दोनशेने घटला आणि भूक सातशेने वाढली. यात मनोनिग्रहाचा काय दोष? पहिल्या महिन्यात जेवढं जोर लावून खात नव्हतो, तेवढाच जोर आता लावला तर काटा थांबणारच.

मग वहिनी खरोखर ८०० वर होत्या का? बहुधा नव्हत्या. पण चोरूनही खात नव्हत्या. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये "आम्ही १२०० पेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या लोकांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने तपासलं. ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होते. त्यांचे थायरॉइड आणि चयापचय ठीक होते. फक्त अंदाज चुकत होता.

आपल्या स्वयंपाकात तर तो चुकायचाच. पोळी मोजता येते, वाटीभर आमटी मोजता येते. फोडणीचं तेल, भाजीतलं दाण्याचं कूट, चहातली साखर कोण मोजतो? मूठभर दाणे म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. उपवासाचं तर बोलायलाच नको, एकादशी दुप्पट खाशी. मोठ्या चमच्याभर तेलात १२० कॅलरी असतात, म्हणजे एका पोळीपेक्षा जास्त. वहिनींनी काय कमी केलं? पोळी, आमटी, दूध. जे दिसतं ते. प्रथिनं आणि लोह गेलं, तेल जिथल्या तिथे राहिलं. मग केस गळणार नाहीत तर काय होणार?

चमचा घेऊन ओट्याशी उभं राहणं कुणालाच जमत नाही. मी डब्यावरून हिशोब करतो. पाच लिटरचा तेलाचा डबा चौघांत महिनाभर पुरला, तर माणशी रोज ४२ मिली, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. डबा खोटं बोलत नाही. काटा थांबला की मी म्हणेन, आधी डब्यावर तारीख लिहा, आमटीला हात लावू नका.

आणि डबा तपासूनही काटा हलला नाही तर? तर कदाचित थांबायला हरकत नाही. वडिलांना मधुमेह होता, शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. मी ते पाहिलंय. माझी साखर सीमेवर आली म्हणून मी यात पडलो, ७० किलोचा व्हायला नव्हे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने सीमेवरच्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आहार आणि चालण्याचा सल्ला दिला होता, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतं. आणि त्यांचं वजन? जवळजवळ तिथेच! काट्यावर काही दिसत नव्हतं, आत मात्र काम चालू होतं.

उलटही खरं आहे. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ सालचा जोडफोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! म्हणून आता मी रविवारी टेप घेतो. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात, बायकांची ८०. माझी ९७ होती, आता ९२ आहे. काटा चार महिने ७७ वर आहे. अठराशे-एकोणीसशे कॅलरी खातो, रात्री भूक लागून जाग येत नाही.

वहिनींनी दोन पोळ्या आणि आमटी पुन्हा सुरू केली आहे. त्यांच्या डब्यावर तारीख कुणी लिहायची, यावरून सध्या घरात वाद आहे, कारण भजी कुणाला लागतात हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे.