संरक्षक नावाचा पहारेकरी

पोर्ट लुई बंदराच्या काठावरील सोळा दगडी पायऱ्यांना आज आप्रवासी घाट म्हणतात. 2006 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला आणि तेव्हापासून भारतातून मॉरिशसला जाणारे बहुतेक मान्यवर तेथे फुले वाहून येतात. प्रत्येक वेळी भाषणे होतात. त्यांत मळेवाल्यांची क्रूरता येते, पूर्वजांचे कष्ट येतात, उसाच्या फडात जपलेल्या रामायणाचा उल्लेख येतो. हे सर्व खरेच आहे. परंतु या पायऱ्या कोणा मळेवाल्याने बांधलेल्या नाहीत. ते सरकारी आगार होते. तेथे सरकारी कारकून बसत, सरकारी वैद्य तपासणी करी आणि सरकारी नोंदवहीत माणसाला क्रमांक मिळे. सुमारे साडेचार लाख भारतीय या व्यवस्थेतून मॉरिशसला गेले. त्यांच्या कथेतला मुख्य खलनायक म्हणून मळेवाल्याचा चाबूक दाखवला जातो, आणि त्या आडोशाला सरकारची लेखणी सहज निसटून जाते.

ही लेखणी कशी चालली, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटिशांनी हे बेट फ्रेंचांकडून 1810 साली घेतले. 1835 साली तेथे गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा नुकसानभरपाई म्हणून सुमारे 21 लाख पौंड देण्यात आले. ते गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. मुक्त झालेल्या माणसांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षे त्याच मळ्यांवर राबवले गेले. ती मुदत संपताच त्यांतील बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. ऊस उभा होता, हात नव्हते. त्याची तरतूद आधीच सुरू झाली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. हा प्रारंभीचा व्यवहार खासगी पेढ्यांचा होता आणि त्यात फसवणूक इतकी उघड होती की कलकत्त्यात चौकशी समिती नेमावी लागली. 1839 साली भारत सरकारने मजुरांची निर्यात बंद केली.

येथे इतिहासाला एक वळण मिळू शकले असते. तसे झाले नाही. गैरव्यवहार खासगी दलालांमुळे होतो, म्हणून हे काम सरकारने स्वतःकडे घ्यावे, असा युक्तिवाद पुढे आला आणि 1842 च्या कायद्याने मॉरिशसची वाट पुन्हा उघडली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांत वसाहतीचे पगारी एजंट बसले. मॉरिशसला ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’, म्हणजे आप्रवाशांचा संरक्षक, असे पद आले. प्रवासाचा खर्च वसाहतीच्या तिजोरीतून निघू लागला. परिणाम असा की 1843 या एकाच वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे बेटावर उतरली. खासगी दलालांना एवढी माणसे कधीच उचलता आली नसती. सुधारणा म्हणून आणलेल्या सरकारी व्यवस्थेने व्यापार थांबवला नाही, त्याला वेग दिला. आणि ती तिजोरी भरत होती कोण? आयात धान्यावरचा कर ज्याच्या ताटातून वसूल होई, तो मजूरही त्यात होताच. स्वतःच्या दास्याचे भाडे माणसाने स्वतःच भरावे, अशी ही सोय होती.

संरक्षकाच्या पदाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सारा प्रकार त्या एका शब्दात साठला आहे. संरक्षक हा वसाहत सरकारचा नोकर. वसाहत सरकारचे उत्पन्न साखरेवर. साखर मळेवाल्यांची, आणि गव्हर्नरच्या कौन्सिलात वजन त्यांचेच. अशा नोकराने मजुराची तक्रार ऐकून मळेवाल्यावर खटला भरावा, ही अपेक्षा कागदावर होती. वैयक्तिकरीत्या सज्जन असे अधिकारी त्या खुर्चीत बसलेच नाहीत असे नाही. पण खुर्चीची बांधणीच अशी होती की सज्जनपणाला तिथे टेकायला जागा नसावी. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याचा ‘डबल कट’चा नियम हा कोणा मुकादमाचा मनमानी कारभार नव्हता, तो कायदा होता. आजारी मजूर महिनाअखेर मालकाचाच देणेकरी ठरे, तोही कायदेशीरपणे. 1850 च्या दशकाच्या आरंभी परतीचा मोफत प्रवास बंद करण्यात आला, तोही रीतसर ठराव करून.

1856 च्या जानेवारीत ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही दोन जहाजे पोर्ट लुईला पोहोचली. जहाजांवर पटकी होती. दोनच वर्षांपूर्वी बेटावर पटकीने कहर केला होता, त्यामुळे शहरातील गोऱ्या नागरिकांनी उतारूंना किनाऱ्यावर घेण्यास विरोध केला. सरकारने तो मानला आणि शेकडो माणसांना गॅब्रिएल नावाच्या उजाड खडकाळ बेटावर सोडले. निवारा नाही, पुरेसे पाणी नाही, औषधाची धड सोय नाही. दोनशेहून अधिक माणसे तेथे मेली. बातमी कलकत्त्याला पोहोचल्यावर भारत सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणे थांबवले. पण उसाचा हंगाम सरकारी दुःखाला फार काळ थांबू देत नाही. पुढच्याच वर्षी जहाजे पुन्हा सुटू लागली. बेटाचे साखर उत्पादन त्या दशकात वर्षाला एक लाख टनांच्या घरात गेले होते.

करार संपवून मोकळा झालेला मजूर ही या शासनाची खरी अडचण होती. तो भाजी पिकवू शकत होता, दुकान थाटू शकत होता, जमिनीचा तुकडा घेऊ शकत होता. म्हणून 1867 चा कायदा आला. ‘जुन्या आप्रवाशा’ने छायाचित्र चिकटवलेला परवाना सतत जवळ बाळगावा, तो ठराविक जिल्ह्यापुरताच, दुसऱ्या जिल्ह्यात सापडल्यास भटका म्हणून अटक. ज्या काळात खुद्द इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला असला कागद खिशात ठेवण्याची कल्पनाही सहन झाली नसती, त्या काळात एका बेटावरच्या बहुसंख्य प्रजेला तो गळ्यात बांधण्यात आला. पोलीस रस्त्यारस्त्यांवर माणसे हेरत आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांना तुरुंगात घालत. तेथून पुन्हा मळ्याकडे जाण्याची वाट फार लांब नसे.

या व्यवस्थेला आव्हान देणारा पहिला मोठा दस्तऐवज 1871 चा. अडोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपियनाने जुन्या आप्रवाशांचा अर्ज तयार करविला. त्यावर 9,401 जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. प्लेव्हिट्झला भर शहरात मारहाण झाली, त्याला हद्दपार करा म्हणून मळेवाल्यांनी अर्ज केले. पण गव्हर्नर आर्थर गॉर्डन याने हा विषय लंडनपर्यंत नेला, आणि 1872 साली नेमलेल्या राजकीय आयोगाने 1875 मध्ये दिलेल्या अहवालात अर्जातील बहुतेक तक्रारी खऱ्या ठरवल्या. मळेवाले, पोलीस, न्यायाधीश आणि संरक्षकाचे कार्यालय, सगळेच त्या अहवालात उघडे पडले. नऊ हजार माणसांनी, ज्यांतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते, परक्या भूमीत तुरुंगाचे भय असताना अंगठे उमटवले. भारतीयांच्या सामूहिक राजकीय कृतीच्या इतिहासात या अर्जाला फार वरचे स्थान हवे. आपल्याकडील शालेय पुस्तकांत त्याला एक ओळही सहसा मिळत नाही.

प्रशासनाने माणसे मोजली, त्यांची उंची मोजली, अंगावरचे व्रण टिपले. त्यांचे घर मात्र त्याला दिसले नाही. शंभर पुरुषांमागे किती स्त्रिया पाठवायच्या, याचे प्रमाण सरकार ठरवी, जणू तो शिध्याचा प्रश्न असावा. अग्नीच्या साक्षीने झालेला विवाह दिवाणी नोंदीवाचून कायद्याला मान्य नव्हता. त्यामुळे कितीएक धर्मपत्नी कागदावर परक्या राहिल्या आणि त्यांची मुले अनौरस ठरली. वारसाहक्काचा प्रश्न आला की हा कागद आडवा येई. जे समाज सरकारने कुटुंब म्हणून नोंदवलेच नाहीत, ते कुटुंब म्हणून टिकले, याचे श्रेय गावोगावच्या ‘बैठकां’ना आहे. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे संध्याकाळी तेथे जमत, मानसातील चौपाया म्हणत, मुलांना अक्षरे गिरवायला लावत. त्यासाठी वसाहतीचे अनुदान नव्हते.

मात्र सारा दोष समुद्रापलीकडे ढकलून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. गावोगाव फिरून भोळ्या माणसांना ‘मिरिच देशा’ची स्वप्ने विकणारे अरकाटी आपलेच होते. आणि जो परत आला, त्याला समुद्र ओलांडल्याबद्दल जातीबाहेर ठेवणारा समाजही आपलाच होता. सावरकरांनी हिंदू समाजाच्या ज्या स्वदेशी बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी आहे. परतीचे जहाज सरकारने बंद केले, पण घराची कडी पुष्कळदा आपण आतून लावली होती.

हा व्यापार थांबवण्याचे प्रयत्नही येथूनच झाले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मार्च 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात करारबद्ध मजुरी समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांच्या बळावर तो पाडण्यात आला. 1916 साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा उभा केला, तेव्हा मात्र सरकारला तत्त्वतः मान्यता द्यावी लागली. नेमस्त गोखले आणि हिंदू महासभेचे मालवीय या प्रश्नावर एका ओळीत उभे होते, ही गोष्ट आजच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी. मॉरिशसची करारबद्ध आयात त्याआधीच, 1910 साली, थांबली होती.

त्या नोंदवह्या मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. ज्या कागदाने माणसाला बांधले, तोच कागद आता त्याच्या पणतू-खापरपणतूंना गाव सांगतो. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या मॉरिशस दौऱ्यात सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना ओसीआय कार्डाची वाट मोकळी करण्याची घोषणा झाली. ती स्वागतार्हच आहे. पण पुरावा म्हणून अखेर त्याच वसाहती कारकुनाचे हस्ताक्षर लागते, आणि ज्याने ‘रामजी’ किंवा ‘बाबाजी’ या एका नावापुढे काहीही न लिहिता पुढच्या सर्व पिढ्यांचे आडनाव ठरवून टाकले, त्याच्या चुका आजच्या अर्जदाराच्या वाट्याला येतात.

मराठी माणसांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जवळचा आहे. मुंबई बंदरातून सुमारे तीस हजार माणसे मॉरिशसला गेली. त्यांत रत्नागिरी, कुलाबा, सातारा भागांतील कुटुंबे होती. त्यांच्या वंशजांनी हेन्रिएटा गावात 1896 पासून गणेशोत्सव जपला, आज गणेश चतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते, आणि कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. या लोकांचे दुसरे टोक मुंबई सरकारच्या जुन्या दप्तरात आहे, आणि ते दप्तर महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाकडे आहे. 1842 नंतरचा मुंबई बंदराच्या स्थलांतर एजंटाचा पत्रव्यवहार आणि मोका येथील नोंदी गाव-तालुक्यांच्या आजच्या नावांसह एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम शासनाने हाती घ्यावे. त्यासाठी जुने हस्ताक्षर वाचू शकणारे चार-पाच अभ्यासक आणि दोन-तीन वर्षांचा खर्च लागेल. मॉरिशसकडून येणाऱ्या एका सरकारी शिष्टमंडळाच्या स्वागतावर होणाऱ्या खर्चापेक्षा तो फार अधिक असणार नाही.